लिझा डेस्टिनी: गॅसचा एक कॉम्प्रेसर बंद पडला की तेल का अडतं?

खोलसमुद्र (प्रश्न)

गयानाच्या समुद्रातल्या स्टाब्रोक या तेलक्षेत्राबद्दल एक नेमकी शंका आहे. लिझा डेस्टिनी या पहिल्या एफपीएसओवर (समुद्रातच तेल वेगळं करून साठवणारं जहाज) डिसेंबर २०१९ मध्ये तेल सुरू झालं. तेव्हाची क्षमता दिवसाला १,२०,००० बॅरल. जानेवारी २०२१ मध्ये तिथला फ्लॅश गॅस कॉम्प्रेसर बिघडला, दुरुस्त करून लावला, एप्रिलमध्ये पुन्हा अडचण आली आणि उत्पादन ३०,००० बॅरलच्या आसपास आणलं गेलं. विहिरी ठीक, जहाज ठीक, गॅस परत जमिनीत दाबणारे मोठे कॉम्प्रेसरही चालू. मग एका छोट्या कॉम्प्रेसरपायी तीन चतुर्थांश तेल का थांबावं?

यातूनच पुढचे प्रश्न. तो गॅस तेलातच राहू दिला तर काय होतं? कमी गॅस देणाऱ्या विहिरी तेवढ्या चालू ठेवता येत नाहीत का? उत्पादन शून्यावर न आणता ३०,००० वरच का थांबवलं? आणि अशा बंद काळात गयानाच्या वाट्याचं रोज किती तेल अडतं? मोघम नको, आकड्यांत सांगा.

सेपरेटर_लाइन

आधी गॅस सुटतो कुठे ते बघा, उत्तर तिथेच आहे.

समुद्रतळावरून तेल, गॅस आणि पाणी एकत्रच वर येतं. जहाजावर ते एका झटक्यात वेगळं करत नाहीत, दाब टप्प्याटप्प्याने उतरवतात. पहिला सेपरेटर (गॅस, तेल आणि पाणी वेगळं करणारं भांडं) साधारण २० बारवर (एक बार म्हणजे साधारण वातावरणाचा दाब), दुसरा ५ ते ७ बारवर, तिसरा वातावरणाच्या दाबापेक्षा किंचित वर. बहुतेक गॅस पहिल्याच टप्प्यात मिळतो. त्याला आयताच २० बार दाब असल्यामुळे तो थेट मुख्य कॉम्प्रेसरकडे जातो आणि तिथून शेकडो बारवर नेऊन इंजेक्शन विहिरींत दाबला जातो.

पुढच्या दोन टप्प्यांत सुटणारा तो फ्लॅश गॅस. प्रमाण कमी, पण दाब जवळजवळ नाहीच. मुख्य कॉम्प्रेसरच्या तोंडाशी पोचायला त्याला सव्वा बारवरून २० बारवर चढावं लागतं, म्हणजे पंधरा-सोळा पट. फ्लॅश गॅस कॉम्प्रेसरचं काम एवढंच. तो नसेल तर या गॅसला एकच वाट उरते, फ्लेअर, म्हणजे जहाजावरच जाळून टाकणं.

आता आकडे. डेस्टिनीची गॅस हाताळणी दिवसाला १७० दशलक्ष घनफूट. पूर्ण उत्पादनाच्या वेळी फ्लॅश गॅस सुमारे १५ दशलक्ष घनफूट धरा, म्हणजे एकूण गॅसच्या ९ टक्के. बाकीचे ९१ टक्के व्यवस्थित जमिनीत परत जात असतात, तरी तेल अडतं ते या ९ टक्क्यांवर. बॅरलमागे हा फ्लॅश गॅस १२५ घनफूट पडतो. तो तेलासोबत येणारच, त्याला वेगळा व्हॉल्व्ह नाही. ज्वाला निम्मी करायची तर तेल निम्मं करा, दुसरा उपाय नाही. ३०,००० बॅरलवर हाच गॅस पावणेचार दशलक्ष घनफुटांवर येतो.

जाळत राहायला अडवतो तो परवाना. लिझाच्या पर्यावरण परवान्यात नेहमीची फ्लेअरिंग बंद आहे. सुरुवातीचे दिवस, देखभाल आणि आणीबाणी एवढीच सूट. मे २०२१ मध्ये परवान्यात बदल झाला आणि ठरलेल्या मुदतीपलीकडे ज्वाला चालू ठेवली तर कार्बन डायऑक्साइडच्या टनामागे शुल्क लागू झालं. माझ्या मते हे योग्यच झालं, कारण फ्लॅश गॅसची ज्वाला वाटते त्यापेक्षा जड असते. निव्वळ मिथेनचे १ दशलक्ष घनफूट जाळले तर सुमारे ५३ टन कार्बन डायऑक्साइड निघतो. फ्लॅश गॅसमध्ये प्रोपेन-ब्युटेन भरपूर. रेणूमागे सरासरी १.८ कार्बन धरले तर तेच १०० टनांच्या जवळ जातं. १५ दशलक्ष घनफुटांचे रोजचे जवळजवळ दीड हजार टन झाले.

गॅस तेलातच ठेवण्याचं म्हणाल, तर जहाजाच्या टाक्या जवळपास वातावरणाच्या दाबावर असतात आणि वर इनर्ट (न पेटणाऱ्या) गॅसची चादर. तिसऱ्या टप्प्यात न सुटलेला गॅस टाकीत सुटतो. टाकीचा दाब चढतो, व्हेंटमधून डेकच्या वर ज्वलनशील वायू येतो, आणि तेलाचा बाष्पदाब ठरलेल्या मर्यादेबाहेर गेल्यामुळे न्यायला आलेला टँकर माल नाकारतो. तिसऱ्या सेपरेटरचा दाब मुद्दाम थोडा चढवून फ्लॅश कमी करतात, पण ती सवलत फार तर थोडक्या टक्क्यांची.

रोटर

वरच्या उत्तरात यंत्राची बाजू राहिली, ती जोडतो. हा कॉम्प्रेसर लहान असला तरी जहाजावरच्या सगळ्या कॉम्प्रेसरांत त्याचंच काम सर्वांत अवघड असतं.

पंधरा पट दाब एका दमात चढवला तर गॅस इतका तापेल की सील आणि वंगण टिकणार नाही. म्हणून तीन टप्पे, प्रत्येकी साधारण अडीच पट, आणि प्रत्येक टप्प्यानंतर कूलर. पण हा गॅस थंड केला की त्यातले जड घटक लगेच द्रव होतात. म्हणून प्रत्येक कूलरनंतर स्क्रबर (गॅसमधला द्रव वेगळा करणारं भांडं) लागतो, आणि स्क्रबरच्या तळाशी जमलेला द्रव परत सेपरेटरकडे पाठवतात. दुखणं इथून सुरू होतं. तो द्रव म्हणजे मुख्यतः प्रोपेन-ब्युटेन. सेपरेटरच्या कमी दाबावर तो पुन्हा गॅस होतो आणि पुन्हा कॉम्प्रेसरकडे येतो. कूलर गरजेपेक्षा जास्त थंड चालवला तर हे चक्र फुगत जातं. विहिरीतून आलेला गॅस तेवढाच, पण कॉम्प्रेसरवरचा भार वीस-तीस टक्के जास्त दिसतो, आणि लोक दोष विहिरींत शोधतात. अशा वेळी कूलरनंतरचं तापमान काही अंश वर घ्या आणि स्क्रबरच्या लेव्हल व्हॉल्व्हची उघडझाप बघा. ती मंदावली तर चक्र तुटलं असं समजा.

नेहमीचे बिघाड साधारण असे.

सेपरेटरमध्ये फेस झाला की तेलाचे थेंब गॅसबरोबर स्क्रबरच्या जाळीपार जातात आणि इंपेलरच्या (गॅस ढकलणाऱ्या चाकाच्या) पात्यांवर आदळतात. रोटरचा (फिरणाऱ्या भागाचा) तोल बिघडतो, कंपन चढतं. उपाय कॉम्प्रेसरवर नसतो, फेसविरोधी रसायनाच्या मात्रेत असतो.

ड्राय गॅस सील, म्हणजे फिरत्या दांड्याभोवतून गॅस निसटू न देणारी सील, हे दुसरं. दोन पृष्ठभागांमधली फट काही मायक्रॉनची, त्यात स्वच्छ गॅस खेळता हवा. सील गॅस दवबिंदूपेक्षा किमान २० अंश वर तापवून दिला नाही तर फटीतून जाताना तो थंड होतो, थेंब धरतो आणि सील चिकटते. यंत्र बंद असतानाच हे जास्त घडतं, कारण तेव्हा सील गॅसला ढकलणारा दाबच नसतो. त्यासाठी वेगळा बूस्टर हवा आणि तो चालतो की नाही हे बंद काळात रोज तपासायला हवं.

तिसरं म्हणजे दाबलहरी. डेस्टिनीवर जानेवारी २०२१ मध्ये जो भाग गेला तो तिसऱ्या टप्प्याच्या डिस्चार्जवरचा (गॅस बाहेर पडणाऱ्या बाजूचा) सायलेन्सर. पाइपात बसणारं, आवाज आणि दाबाचे ठोके शोषणारं भांडं, आत छिद्रांचे पत्रे. या भागाचा दोष सर्वसाधारणपणे असा वाढतो: कॉम्प्रेसरच्या ठोक्यांची वारंवारता आणि पाइपातल्या गॅसस्तंभाची स्वतःची वारंवारता जुळली की पत्रे आणि वेल्ड दर सेकंदाला शेकडो वेळा वाकतात. थकवा-भेग वेल्डच्या टोकाला सुरू होते. बाहेरून काही दिसत नाही, एक दिवस आतला तुकडा सुटतो. म्हणून नुसता भाग बदलून भागत नाही. गॅसचं घटकप्रमाण बदललं की त्यातला ध्वनिवेग बदलतो आणि जुळणी पुन्हा होऊ शकते. लहरींचं गणित प्रत्यक्षातल्या गॅसवर नव्याने करावं लागतं. तिथेही नुसत्या दुरुस्तीवर भागलं नाही, पुढे नव्या रचनेची यंत्रणा आणावी लागली.

एक गोष्ट पुन्हा सांगाविशी वाटते. असे कॉम्प्रेसर बऱ्याचदा शंभर टक्क्यांचा एकच संच म्हणून बसवतात. डेकवर जागा आणि वजन मोजून मिळतं, आणि नऊ टक्के गॅससाठी दुसरा संच महाग वाटतो. परवान्यात फ्लेअरिंग बंद असेल तर तो हिशेब चुकीचा आहे. निदान पूर्ण जुळणी केलेला रोटर, सीलचा संच आणि कूलरची नळी-जुडी किनाऱ्यावर तयार हवी. भाग दुसऱ्या खंडात नेऊन दुरुस्त करून आणायचा म्हणजे महिने जातात.

खोलसमुद्र

हे समजलं. पण कमी गॅस देणाऱ्या विहिरींचं काय? डेस्टिनीला एकूण १७ विहिरी, त्यातल्या ८ उत्पादनाच्या. त्यांतल्या निवडक उघड्या ठेवल्या तर?

सेपरेटर_लाइन

गॅस-तेल गुणोत्तर जास्त असलेली विहीर चोकने (प्रवाह कमी करणाऱ्या व्हॉल्व्हने) आवळतात, ते रोजचंच काम आहे. मुख्य कॉम्प्रेसर भरून गेला असेल तर त्याचा खरा फायदा होतो. जहाजांच्या मूळ आराखड्यातल्या क्षमतेकडे बघा. डेस्टिनीला बॅरलमागे सुमारे १,४०० घनफूट गॅसची जागा आहे. लिझा युनिटीला ४०० दशलक्ष घनफूट आणि २,२०,००० बॅरल, म्हणजे १,८०० च्या वर. प्रॉस्पेरिटी तशीच. वन गयाना ४५० दशलक्ष घनफूट आणि २,५०,००० बॅरल, तिथेही १,८०० च. पुढच्या जहाजांना गॅससाठी जागा वाढवून दिलेली यात स्पष्ट दिसते.

फ्लॅश गॅसला मात्र विहीर निवडून फारसा फरक पडत नाही. जादा गॅस देणाऱ्या विहिरीचा जादा गॅस पहिल्याच सेपरेटरमध्ये निघून जातो. २० बारवर तेलात विरघळून राहिलेला गॅस सगळ्याच विहिरींच्या तेलात जवळपास सारखा असतो, कारण तो त्या दाबावर, तापमानावर आणि तेलाच्या जातीवर ठरतो. म्हणून मुख्य कॉम्प्रेसर अडला तर विहिरी निवडा, फ्लॅश कॉम्प्रेसर अडला तर एकूण बॅरल कमी करा.

शून्यावर का नाही, तर शून्यावर आणणं सर्वांत धोक्याचं. पाण्याची खोली दीड किलोमीटरच्या वर, तळाचं पाणी ४ अंशांच्या आसपास. वाहतं तेल स्वतःच्या उष्णतेवर पाइप गरम ठेवतं. प्रवाह थांबला की इन्सुलेशन काही तास साथ देतं, मग पाणी आणि गॅस मिळून हायड्रेट धरतात. बर्फासारखा हा घट्ट पदार्थ पाइपात अडकला तर काढायला आठवडे जाऊ शकतात. ठरवून बंद करायचं तर आधी वेलहेडवर (विहिरीच्या तोंडाशी) आणि जंपरमध्ये (जोडपाइपात) मिथेनॉल भरतात, मग फ्लोलाइनमधलं (जहाजाकडे येणाऱ्या पाइपातलं) जिवंत, म्हणजे गॅस असलेलं तेल ढकलून काढून त्या जागी गॅस काढलेलं तेल फिरवतात. दोन पाइपांचा फेरा असतो तो यासाठीच, एकातून पिग (पाइपातून ढकलत नेला जाणारा गोळा) सोडायचा आणि दुसऱ्यातून परत घ्यायचा. थंड पाइप पुन्हा सुरू करतानाही बेताबेताने, मिथेनॉलसह, तापमान सुरक्षित पातळीवर येईपर्यंत.

दुसरं कारण इंधन. जहाजाच्या टर्बाइन विहिरीच्या गॅसवर चालतात. त्या वीज देतात, आणि त्यावर दिवसाला २,००,००० बॅरल क्षमतेचे पाणी-इंजेक्शन पंप चालतात. उत्पादन शून्य म्हणजे गॅस शून्य, मग सगळा भार डिझेलवर. जेवढ्या तेलावर पाइप गरम राहतात, टर्बाइनला गॅस मिळतो आणि गॅस-इंजेक्शन कॉम्प्रेसर सर्जमध्ये (गॅस उलटा फिरण्यात) न जाता फिरतो, तीच खालची मर्यादा.

रोटर

सर्जचा उल्लेख आला म्हणून थोडं. सेंट्रिफ्यूगल कॉम्प्रेसरला प्रवाह ठरावीक मर्यादेखाली गेला की गॅस उलटा फिरतो, काही सेकंदांत अनेक वेळा, आणि थ्रस्ट बेअरिंगवर धक्के बसतात. अँटी-सर्ज व्हॉल्व्ह डिस्चार्जचा गॅस परत सक्शनला (आत घेणाऱ्या बाजूला) देऊन प्रवाह राखतो. उत्पादन २५ टक्क्यांवर असताना तो व्हॉल्व्ह अर्धा उघडाच असतो, म्हणजे बरीच वीज तोच गॅस गोल फिरवण्यात जाते. हे चालतं, पण फिरवलेला गॅस कूलरमधून यायलाच हवा. नाहीतर प्रत्येक फेरीला तापत जातो आणि तापमानाच्या ट्रिपवर यंत्र बंद पडतं.

दुरुस्तीनंतर फ्लॅश कॉम्प्रेसर चालू करतानाचा क्रमही इथेच लिहून ठेवतो. नायट्रोजनने हवा काढा आणि ऑक्सिजन मोजून खात्री करा. आधी सील गॅस सुरू, मग वंगण तेल. हा क्रम उलटला तर तेल सीलमध्ये शिरतं. तेलाचं तापमान ठरलेल्या पातळीवर येऊ द्या. स्क्रबरचे तळ रिकामे करा. अँटी-सर्ज पूर्ण उघडा ठेवून यंत्र फिरवा आणि रोटरच्या क्रिटिकल स्पीडवर (ज्या वेगाला कंपन एकदम वाढतं) रेंगाळू नका. पूर्ण वेगावर कंपन स्थिर दिसलं की व्हॉल्व्ह थोडा थोडा मिटा. शेवटी तेल वाढवा, तेही टप्प्याने. प्रत्येक टप्प्यावर पाइपावरचं कंपन हातातल्या मीटरने मोजा, विशेषतः अर्ध्या-पाऊण इंचाच्या लहान फांद्यांवर. मोठ्या पाइपाला काही होत नाही, गेजची फांदी मुळाशी तुटते आणि गॅस गळतो.

हिशेबवही

पैशाचा भाग राहिला.

तेल कंपन्यांबरोबरच्या (कंत्राटदारांबरोबरच्या) २०१६ च्या करारात रॉयल्टी २ टक्के. दर महिन्याच्या उत्पादनातले ७५ टक्क्यांपर्यंत खर्चवसुलीचं, म्हणजे कंपन्यांचा खर्च भरून काढणारं तेल. उरलेल्या २५ टक्क्यांचे निम्मे-निम्मे. खर्चवसुली मर्यादेला भिडलेली असेपर्यंत गयानाच्या पदरात १२.५ अधिक २, म्हणजे १४.५ टक्के. कंत्राटदारांचा आयकरही करारानुसार सरकारच्या वाट्यातूनच भरला गेल्याचं मानतात, म्हणून १४.५ वर करापोटी आणखी काही मिळेल असं समजू नये.

उत्पादन १,२०,००० वरून ३०,००० वर आलं की रोज ९०,००० बॅरल अडले. १४.५ टक्क्यांनी देशाचे १३,०५० बॅरल. रॉयल्टी रोखीत येते, पण नफ्याच्या तेलाचा माल सरकार स्वतः विकतं, एका वेळी दहा लाख बॅरल. पूर्ण उत्पादनावर १२.५ टक्क्यांनी रोज १५,००० बॅरल जमतात आणि एक जहाजभर माल ६७ दिवसांत होतो. ३०,००० बॅरलवर रोज ३,७५०, म्हणजे तेवढाच माल भरायला २६७ दिवस. त्या वेळी गयानाकडे हे एकच जहाज होतं, म्हणून झळ थेट बसली. युनिटी फेब्रुवारी २०२२ मध्ये आली, प्रॉस्पेरिटी नोव्हेंबर २०२३ मध्ये, वन गयाना ऑगस्ट २०२५ मध्ये. आज एक जहाज अडलं तर बाकीची तोलून धरतात.

हे नुकसान की नुसता उशीर? तेल जमिनीतच आहे, ते पुढे निघेल. पण नैसर्गिक साधनसंपत्ती निधीत पैसा त्या वर्षी येत नाही, आणि त्या निधीतून अर्थसंकल्पात किती घ्यायचं हे जमा रकमेवर ठरतं. आठ लाखांच्या आसपास लोकसंख्येच्या देशात एक हुकलेला माल म्हणजे रस्ते आणि शाळांच्या यादीतला एक मोठा तुकडा पुढच्या वर्षावर. म्हणून उशिरालाही किंमत आहे, आणि दुरुस्तीचा खर्च खर्चवसुलीच्या तेलात कुठल्या नोंदीखाली टाकला जातो याचं ऑडिट काटेकोर हवं. एक संच की दोन, हा निर्णय कंत्राटदार घेतो, पण अडलेल्या तेलात देशाचाही वाटा असतो. पुढच्या क्षेत्रविकास आराखड्यांना मंजुरी देताना सरकारने हा प्रश्न लेखी विचारावा, असं मला मनापासून वाटतं.

खोलसमुद्र

शेवटचं एक. किनाऱ्यापर्यंत गॅसची पाइपलाइन झाली म्हणजे हा प्रश्न संपला का?

सेपरेटर_लाइन

नाही. लिझावरून येणारी पाइपलाइन १२ इंची, समुद्रातून सुमारे २०० किलोमीटर, मग क्रेन या गावाजवळ किनाऱ्याला लागून जमिनीवर आणखी सुमारे २५ किलोमीटर, गयानातल्याच वेल्स या ठिकाणापर्यंत. सुरुवातीचा पुरवठा दिवसाला ५० दशलक्ष घनफूट आणि वेल्सला ३०० मेगावॉटचं वीज केंद्र. हिशेब जुळतो: ५० दशलक्ष घनफुटांत सुमारे ५२,००० दशलक्ष बीटीयू, संयुक्त-चक्र केंद्राला किलोवॉट-तासाला ७,००० बीटीयू धरले तर ३०० मेगावॉटच्या थोडं वर. पाइप टाकून झाला, केंद्राचं आणि वायूतले द्रव वेगळे काढणाऱ्या प्रकल्पाचं काम मात्र मागे राहिलं.

पण चार जहाजांची मूळ आराखड्यातली गॅस हाताळणी मिळून १,४२० दशलक्ष घनफूट होते. त्यातले ५० म्हणजे साडेतीन टक्के. बाकीचा जमिनीतच जाणार, आणि जाऊ द्यावा, कारण त्याने रिझर्व्हॉयरचा दाब टिकतो आणि तेल निघत राहतं. शिवाय पाइपलाइनला लागतो तो उच्च दाबाचा, कोरडा केलेला गॅस. फ्लॅश गॅस तिथपर्यंत पोचायचा तर आधी त्याच छोट्या कॉम्प्रेसरमधून चढायला हवा.